वाचकांचे प्रश्न : सरळ रेषेत ढकलणारी मोटर

चुंबकांच्या जोरावर तरंगत धावणाऱ्या जपानच्या चुंबकीय रेल्वेवर मागील अंकात छापलेल्या टिपणानंतर रेषीय विद्युतयंत्रांविषयी बरीच पत्रे आली. विजेच्या साहाय्याने वस्तूला गोल न फिरवता थेट सरळ रेषेत ढकलते ती रेषीय मोटर, आणि सरळ रेषेतील पुढे-मागे हालचालीतून वीज काढते ते रेषीय जनित्र. आलेल्या पत्रांतील सारखे प्रश्न एकत्र करून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या विहिरीवरची थ्री-फेज मोटर गोल फिरते. तशीच मोटर सरळ रेषेत चालवायची तर तिच्यात नेमके काय बदलावे लागते? (एक शेतकरी वाचक, निफाड)

उत्तर : तत्त्वात काहीच बदलत नाही, रचना मात्र बदलते. आपल्या मोटरीच्या स्टेटरमधील, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागातील, खाचांत तीन फेजची वाइंडिंग (तारेचे वेढे) ठरावीक क्रमाने बसवलेली असते. तिन्ही फेजमधील प्रवाह एकापाठोपाठ एक चढत-उतरत असल्यामुळे स्टेटरच्या पोकळीत चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते, त्या फिरत्या क्षेत्रामुळे रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, पट्ट्यांत प्रवाह उत्पन्न होतो आणि रोटर क्षेत्राच्या मागे ओढला जातो. आता हाच स्टेटर एका बाजूने उभा चिरून चटईसारखा जमिनीवर उलगडला आहे अशी कल्पना करावी. वाइंडिंगचा क्रम तोच राहतो, परंतु चुंबकीय क्षेत्र गोल न फिरता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. त्याच्यावर थोडे अंतर राखून ॲल्युमिनियमचा जाड पत्रा धरला, की पत्र्यात प्रवाह उत्पन्न होतो आणि पत्रा त्या दिशेने ढकलला जातो. पत्रा घट्ट बांधून ठेवला आणि वाइंडिंगचा भाग मोकळा सोडला, तर तो भागच उलट दिशेने धावू लागतो. रुळांवरच्या गाड्यांत बहुधा हीच दुसरी पद्धत वापरतात.

पंपाचे कनेक्शन जोडताना दोन फेजची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते आणि पाणी चढत नाही, हे आपल्याला ठाऊकच असेल. रेषीय मोटरीत दोन फेज बदलले की ढकलण्याची दिशा उलटते, आणि धावती गाडी थांबवण्यासाठी ब्रेक म्हणूनही या गुणाचा उपयोग करता येतो.

वेगाचा हिशेब मात्र थोडा निराळा आहे. आपल्या मोटरीचे फेरे ध्रुवांच्या संख्येवर अवलंबून असतात : ५० हर्ट्झच्या विजेवर दोन ध्रुवांच्या मोटरीचे क्षेत्र मिनिटाला ३,००० फेरे घेते, तर चार ध्रुवांच्या मोटरीचे १,५००. रेषीय मोटरीत ध्रुव किती आहेत याला महत्त्व नसून लगतच्या दोन ध्रुवांमधील अंतराला असते. क्षेत्राचा वेग म्हणजे त्या अंतराची दुप्पट गुणिले वारंवारता. हे अंतर १० सेंटिमीटर असेल तर ५० हर्ट्झवर क्षेत्र सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने सरकते, आणि पत्रा त्याच्यापेक्षा थोडा मागे राहतो.

दोन अडचणी येथेच सांगून ठेवणे इष्ट, कारण पुढील बहुतेक उत्तरांत त्या पुन्हा येणार आहेत. पहिली अडचण फटीची आहे. गोल मोटरीत रोटर बेअरिंगांवर नेमका मध्यभागी बसलेला असतो, त्यामुळे रोटर आणि स्टेटर यांच्यातील हवेची फट साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी ठेवता येते. धावत्या गाडीखाली इतकी बारीक फट राखणे अशक्य असते, तेथे १० ते १२ मिलिमीटर सोडावे लागतात, आणि फट वाढली की तेवढेच चुंबकीय क्षेत्र उभे करायला जास्त प्रवाह खर्ची पडतो. दुसरी अडचण लांबीची आहे. गोल मोटरीत तेच लोखंड आणि तेच तांबे दर फेऱ्याला पुन्हा उपयोगी पडते, तर सरळ मोटरीत जितका प्रवास तितका पत्रा किंवा तितकी वाइंडिंग घालावी लागते. शिवाय सरळ मोटरीला टोके असतात. मोटरीचे पुढचे टोक सतत नव्या, अजून क्षेत्र न शिरलेल्या पत्र्यावर येत राहते, तो पत्रा क्षेत्राला विरोध करतो, आणि वेग वाढेल तसा हा तोटाही वाढतो. मोठी गोल मोटर ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता सहज देते, तर गाडीखालची रेषीय मोटर तिच्या बरीच मागे राहते ती या कारणांमुळे.

प्रश्न : यंत्रमागावर आडवा धागा नेणारा धोटा दर फेकीला दांड्याच्या फटक्याने या टोकाकडून त्या टोकाकडे मारला जातो. आवाज, झीज आणि तुटलेले धागे हे रोजचेच आहे. हा धोटा विजेने सरळ ढकलता येणार नाही का? (एक यंत्रमागधारक, इचलकरंजी)

उत्तर : आपला प्रश्न या विषयाच्या इतिहासाच्या अगदी मुळाशी जातो. रेषीय मोटरीच्या अभ्यासात विसाव्या शतकातील सर्वांत ठळक नाव म्हणजे एरिक लेथवेट. ते पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले आणि चुंबकीय रेल्वेचे पुरस्कर्ते म्हणून जगाला माहीत झाले, परंतु या विषयाकडे ते वळले ते मँचेस्टरला असताना, धोटा विजेने फेकता येईल का या विचारातून. मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे शहर असल्यामुळे तेथे हा प्रश्न पडणे स्वाभाविकच होते.

धोट्याला वेग देणे हा त्यातला सोपा भाग होता. अडचण होती ती थांबवण्याची. मागाच्या एका टोकाला धोटा सेकंदाच्या अल्पांशात पूर्ण वेगात आणायचा, कापडाच्या रुंदीइतक्या अंतरावर पलीकडे झेलायचा, आणि लगेच उलट पाठवायचा. दर फेकीला दिलेली ऊर्जा झेलताना वाया जाणार, आणि ती वाया न घालवता परत मिळवायची तर व्यवस्था मागापेक्षा महाग होणार. त्या कल्पनेचे मागावर काही झाले नाही. नंतर धोट्याची गरजच संपवणारे माग आले. रॅपिअर मागात आडवा धागा चिमट्याने ओढून नेला जातो, तर एअरजेट मागात हवेच्या झोताने, आणि दोन्हींत सूत भरलेला जड धोटा फेकावा लागत नाही. आपल्या भागातील अनेक कारखान्यांनी हे माग बसवले आहेत. धोट्याचा प्रश्न सुटला, पण तो विजेच्या मोटरीने सोडवला नाही.

प्रश्न : कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीच्या मागे ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, लागतात, म्हणून बहुतेक गाड्या तेथे थांबतात. चाके न घसरणारी रेषीय मोटर घाटात वापरली तर बँकर वाचणार नाहीत का? (रेल्वेतून निवृत्त झालेले एक वाचक, कल्याण)

उत्तर : चाकांची पकड आणि मोटरीचा जोर यांचा संबंध तोडणे हाच रेषीय मोटरीचा खरा गुण असल्यामुळे प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. नेहमीच्या इंजिनात मोटर चाक फिरवते आणि पोलादी चाक पोलादी रुळाला धरून गाडी ओढते. रूळ ओला असेल किंवा त्यावर तेल, चिखल, पालापाचोळा असेल तर मोटरीत कितीही जोर असला तरी चाक जागच्या जागी फिरते. बोरघाटातील चढ ३७ ला १, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर असा आहे. एक हजार टनांची गाडी त्या चढावर नुसती धरून ठेवायलाच सुमारे २७ टनांचा जोर लागतो, पुढे नेण्याचा जोर त्याहून वेगळा.

रेषीय मोटर रुळांच्या मधोमध बसवलेल्या पट्टीवर जोर लावते, चाके फक्त भार वाहतात. त्यामुळे पाऊस आणि चढ यांचा पकडीवर परिणाम होत नाही, आणि ब्रेक लावतानाही हाच फायदा मिळतो. तंत्र म्हणून हे शंभर टक्के शक्य आहे. तरीही घाटासाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

कर्जत ते लोणावळा हे अंतर सुमारे २८ किलोमीटर आहे, आणि घाटात तीन मार्ग आहेत. म्हणजे ॲल्युमिनियम आणि त्याखाली लोखंड अशी पट्टी सुमारे ८४ किलोमीटर अंथरावी लागेल. जेथे सांधे बदलून रूळ एकमेकांना छेदतात तेथे ती तोडावी लागते, आणि नेमक्या त्या जागी मोटरीचा जोर कमी होतो. घाटात तर उतारावर ताबा सुटलेल्या गाडीला वळवून घेण्यासाठी कॅच साइडिंगही आहेत, म्हणजे सांधे टाळण्याची सोय नाही. त्याहून मोठा प्रश्न फटीचा आहे. पट्टी आणि मोटर यांच्यात १२ मिलिमीटर फट ठेवली, आणि आषाढातल्या एका रात्री कड्यावरून सुटलेला मुठीएवढा दगड पट्टीवर येऊन पडला, तर मोटर त्याच्यावर घासणार किंवा आदळणार. रुळाशेजारच्या खडीचे दगड उडून तेथे येणे तर रोजचेच. पट्टीचे बोल्ट ढिले होऊन ती जराशी वर आली तरी तेच. कॅनडातील टोरोंटो शहराच्या स्कारबरो मार्गावर याच पद्धतीच्या गाड्या १९८५ पासून धावत होत्या. जुलै २०२३ मध्ये तेथे एक डबा रुळावरून घसरला, चौकशीत मधल्या पट्टीचे बोल्ट ढिले झाल्याचे आढळले, आणि तो मार्ग पुन्हा सुरू झालाच नाही.

आपण कदाचित म्हणाल की मोटर सर्व गाड्यांना न बसवता फक्त बँकर इंजिनांना बसवावी. हा विचार अधिक शहाणपणाचा आहे, कारण मैदानी भागात त्या मोटरीचे ओझे विनाकारण वाहावे लागणार नाही. परंतु मग गाडी कर्जतला थांबणे काही टळत नाही, आणि ज्या अडचणीसाठी हा खटाटोप करायचा ती जागच्या जागी राहते.

प्रश्न : रेषीय मोटरीवर धावणारी गाडी हवेत तरंगलीच पाहिजे का? (अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : नाही. वर सांगितलेली स्कारबरोची गाडी साध्या पोलादी चाकांवरच धावत होती. व्हँकूव्हरमधील स्कायट्रेन १९८६ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सुरू झाली आणि आजही चाकांवर व रेषीय मोटरीवर धावते आहे. टोकियोच्या ओएडो मार्गावर १९९१ पासून हेच तंत्र आहे, आणि तेथे ते निवडण्याचे कारण वेग हे नव्हते. चपटी मोटर चाकांमधल्या कमी उंचीच्या जागेत मावते, त्यामुळे गाडीची जमीन खाली घेता येते, गाडी ठेंगणी होते आणि बोगदा लहान खणता येतो. घनदाट वस्तीच्या शहराखाली लहान बोगदा म्हणजे पैशांची मोठी बचत. चढ जास्त आणि वळणे तीव्र असलेल्या मार्गांनाही हे तंत्र सोयीचे पडते. तरीसुद्धा व्हँकूव्हरने २००९ मध्ये विमानतळाकडे जाणारा नवा मार्ग सुरू करताना नेहमीच्या गोल मोटरींच्या गाड्या घेतल्या. आपल्याकडील मुंबई, पुणे आणि नागपूर येथील मेट्रोही गोल इंडक्शन मोटरींवरच, म्हणजे विहिरीवरच्या मोटरीच्याच तत्त्वावर, धावतात.

तरंगत्या गाडीला मात्र रेषीय मोटरीवाचून पर्याय नाही, कारण चाकच रुळाला टेकलेले नसेल तर फिरवायचे काय? येथे दोन पद्धती आहेत. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विमानतळावर १९८४ ते १९९५ या काळात चाललेल्या छोट्या तरंगत्या गाडीत मोटर गाडीवरच होती. शांघायच्या ३० किलोमीटर मार्गावर मोटर जमिनीवर आहे, म्हणजे वाइंडिंग मार्गभर बसवलेले आहे आणि गाडीवर केवळ विद्युतचुंबक आहेत. गाडी ज्या टप्प्यात असेल तेवढ्याच टप्प्याला वीज पुरवली जाते, आणि वारंवारता वाढवली की गाडीचा वेगही तितकाच वाढतो. तो मागे पडत नाही, म्हणून या मोटरीला समकालिक म्हणतात. अशा रीतीने जड मोटर गाडीवर वाहावी लागत नाही, मात्र मार्गाचा प्रत्येक मीटर वाइंडिंगने भरावा लागतो. शांघायची गाडी प्रारंभीची अनेक वर्षे ताशी ४३१ किलोमीटर वेग गाठत असे. जपानमध्येही मोटर मार्गावरच असते, पण गाडीवर द्रव हेलियमने शून्याखाली २६९ अंशांपर्यंत थंड केलेली अतिवाहक (विजेच्या प्रवाहाला विरोध न करणारी) चुंबके असल्यामुळे फट सुमारे १० सेंटिमीटर ठेवता येते. भूकंपाच्या देशात ही रुंद फट फार मोलाची आहे. २१ एप्रिल २०१५ रोजी यामानाशीच्या चाचणी मार्गावर त्या गाडीने ताशी ६०३ किलोमीटर वेग नोंदवला.

प्रश्न : विमानवाहू जहाजावरून विमान विजेने फेकतात म्हणजे काय? आपल्या विक्रांतवर ही सोय आहे का? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : विक्रांतवर ही सोय नाही. तेथे धावपट्टीचे पुढचे टोक वर वळवलेले आहे आणि विमान स्वतःच्या इंजिनांच्या जोरावर त्या चढावरून उडते. अमेरिकेच्या २०१७ मध्ये नौदलात दाखल झालेल्या जेराल्ड आर. फोर्ड या जहाजावर मात्र वाफेच्या जुन्या फेकयंत्राऐवजी रेषीय इंडक्शन मोटर आहे, आणि चीनच्या फूजियान या जहाजावरही विजेचे फेकयंत्र आहे.

हिशेब करून पाहिला तर हे काम किती अवघड आहे ते ध्यानात येते. समजा ३० टनांचे विमान १०० मीटर धावेत सेकंदाला ७० मीटर वेगापर्यंत न्यायचे आहे. त्यासाठी सुमारे तीन सेकंद मिळतात, आणि तेवढ्या वेळात सरासरी २५ मेगावॉट शक्ती ओतावी लागते. इतकी वीज जहाजाच्या जनित्रांतून एकदम ओढता येत नाही, म्हणून ती आधी वेगाने फिरणाऱ्या जड चक्रांत साठवून ठेवतात आणि फेकण्याच्या क्षणी काढून घेतात. धावेच्या संपूर्ण लांबीत वाइंडिंग असले तरी विमान ओढणाऱ्या सरकत्या भागाच्या आसपासचेच तुकडे एका वेळी चालू केले जातात. वाफेपेक्षा याचा मोठा लाभ असा, की जोर क्षणाक्षणाला मोजून कमी-जास्त करता येतो, त्यामुळे हलके चालकरहित विमान आणि जड लढाऊ विमान दोन्ही एकाच यंत्रावरून सोडता येतात. माझ्या मते रेषीय मोटरीला सर्वांत शोभणारे काम हेच आहे : धाव लहान, वेग प्रचंड, आणि चाकाने ते करणे अशक्य.

प्रश्न : मुंबई-पुणे हायपरलूपचे काय झाले? (अनेक वाचक)

उत्तर : हायपरलूप म्हणजे हवा काढून घेतलेल्या नळीतून गाडी वेगाने धाडण्याची कल्पना. त्यासाठी २०१८ मध्ये राज्य शासनाने एका अमेरिकी कंपनीशी करार केला होता. त्या कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये नेवाडातील ५०० मीटरच्या नळीत माणसे बसवून ताशी १७२ किलोमीटर वेगाची चाचणी घेतली. तीत बसलेल्यांपैकी एक अभियंता मूळचा पुण्याचा होता. २०२३ च्या अखेरीस कंपनी बंद झाली. ढकलण्याचे तंत्र तेथे रेषीय मोटरीचेच होते आणि त्यात नवे फारसे काही नव्हते. शंभराहून अधिक किलोमीटर लांबीची नळी निर्वात ठेवणे हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर पाचशे मीटरमध्ये मिळण्यासारखे नव्हते.

प्रश्न : कोकण किनाऱ्यावर लाटा अखंड वर-खाली होतात. त्या हालचालीतून रेषीय जनित्राने थेट वीज काढता येईल का? (एक मच्छीमार वाचक, मालवण)

उत्तर : येईल, आणि स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर लीसेकिल येथे उप्साला विद्यापीठाने २००६ पासून तसे प्रयोग केले आहेत. समुद्रतळाशी जनित्र ठेवलेले असते, पाण्यावर तरंगणारा बोया दोरखंडाने त्याच्या चुंबकांना जोडलेला असतो, लाटेबरोबर बोया वर गेला की चुंबके वाइंडिंगमधून वर सरकतात आणि स्प्रिंग त्यांना परत खाली खेचते. मधे ना गिअर, ना टर्बाइन.

परंतु लाट संथ असते, आणि हीच त्यातील मेख आहे. शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. सेकंदाला एक मीटर वेगाने सरकणाऱ्या बोयाकडून १० किलोवॉट मिळवायचे असतील तर त्याला सुमारे एक टनाचा जोर लावावा लागेल. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या ३० सेंटिमीटर व्यासाच्या रोटरचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे साडेतेवीस मीटर धावतो, म्हणून त्याला तेवढ्याच शक्तीसाठी ४३ किलोंचा जोर पुरतो. त्यामुळे संथ रेषीय जनित्र फार मोठे, जड आणि चुंबकांनी भरलेले करावे लागते. निघणारी वीजही सतत बदलत्या दाबाची व वारंवारतेची असते. ती आधी डीसी करून मगच पुन्हा ५० हर्ट्झची बनवावी लागते. केरळमधील विळिंजम येथे १९९१ मध्ये उभारलेल्या लाटांच्या वीजकेंद्रात म्हणूनच निराळा मार्ग घेतला होता : लाटेने बंद खोलीतील हवा आत-बाहेर ढकलायची आणि त्या हवेने टर्बाइन गोल फिरवायचे.

आपल्या किनाऱ्याची आणखी एक गोष्ट आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तर उरलेल्या महिन्यांत लाटा त्या मानाने बेताच्या असतात. यंत्र पावसाळ्यातला मार सोसेल इतके दणकट करायचे आणि वर्षातील बहुतेक दिवस त्याच्याकडून थोडीच वीज घ्यायची, हा व्यवहार महागात पडतो. दीपगृहाला किंवा दूरच्या मोजणी-उपकरणाला लागणाऱ्या अल्प विजेसाठी त्याचा विचार करता येईल, गावाला वीज पुरवण्यासाठी नाही.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात यातले काही स्वस्तात आणि सुरक्षितपणे दाखवता येईल का? (विज्ञान शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, सातारा जिल्हा)

उत्तर : थ्री-फेज विजेवर चालणारे काहीही शाळेत करू नये. त्याऐवजी हलवून दिवा पेटवणारे रेषीय जनित्र करावे. वीतभर लांबीच्या पीव्हीसी पाइपच्या मध्यावर इनॅमल चढवलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारभर वेढे घट्ट गुंडाळावेत, तारेच्या दोन्ही टोकांवरचे इनॅमल सँडपेपरने पूर्ण खरवडून काढावे, आत सैल सरकेल असे गोल दंडाकार निओडिमियम चुंबक टाकून पाइपची दोन्ही तोंडे रबरी बुचांनी बंद करावीत. इनॅमल राहून गेल्यामुळे दिवा न पेटणे ही नेहमीची तक्रार आहे, म्हणून आधी टोके पाहावीत.

या टोकांना दोन लाल एलईडी एकमेकांना उलट जोडावेत, म्हणजे एकाची लांब तार दुसऱ्याच्या आखूड तारेला येईल. पाइप हलवला की दोन्ही आळीपाळीने चमकतात. चुंबक वेढ्यांच्या जवळ येताना वीज एका दिशेने वाहते आणि दूर जाताना उलट दिशेने, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. शेजारी हातभर लांबीचा ॲल्युमिनियमचा पाइप उभा धरून त्यातून तसेच चुंबक सोडावे; लोखंडाला चिकटणारे हे चुंबक ॲल्युमिनियमला चिकटत नाही, तरीही खाली पडायला स्पष्टपणे वेळ लावते. पाइपच्या भिंतीत उत्पन्न होणारे प्रवाह त्याला अडवतात, आणि रेषीय मोटरीत पत्र्याला ढकलणारे प्रवाह हेच असतात. चुंबके लहान मुलांच्या हाती सुटी देऊ नयेत. दोन चुंबके गिळली गेली तर ती आतड्यात एकमेकांना चिकटून जिवावर बेतू शकतात.